तुकडा, ढलपी, भुसा

ओंडका वखारीत येतो तेव्हा तो गोल असतो आणि घरात लागणारी जवळपास प्रत्येक लाकडी वस्तू चौकोनी फळीतून निघते. या एका साध्या विसंगतीमुळे लाकडाच्या धंद्यात उरलेल्या मालाचा प्रश्न पहिल्या कापापासूनच सुरू होतो. ओंडक्याच्या चारी बाजूंच्या सालीसकटच्या फाका आधी निघतात, मग फळ्या चिरताना करवतीच्या पात्याच्या जाडीएवढे लाकूड प्रत्येक कापागणिक भुसा होऊन खाली पडते, पुढे गाठी आणि भेगा टाळून फळी कापली जाते, रंधा मारताना आणखी थोडी झिजते, आणि शेवटी दाराच्या किंवा टेबलाच्या मापात न बसलेली टोके कोपऱ्यात साठतात. यांतील एकट्या कापाचा हिशोब केला तरी पुरे. पंचवीस मिलिमीटर जाडीच्या फळ्या चार मिलिमीटर काप घेणाऱ्या गोल करवतीवर चिरल्या, तर दर एकोणतीस मिलिमीटरांतील चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे 14 टक्के लाकूड निव्वळ भुसा होते. दहा फळ्या काढताना दीड फळीहून अधिक लाकूड करवतीखालच्या ढिगात जाते. पातळ पात्याची पट्टी-करवत हा तोटा निम्म्यावर आणते, पण तो शून्यावर कोणतीही करवत आणू शकत नाही.

या उरल्यासुरल्या मालाचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात: हातात धरता येईल असा तुकडा, रंध्याने किंवा वाकसाने निघालेली ढलपी, आणि भुसा. त्यांच्यातील फरक केवळ आकाराचा समजला जातो, परंतु खरा फरक तंतूंचा आहे. तुकड्यात झाडाचे तंतू मूळच्या दिशेने, एकमेकांना चिकटून शाबूत असतात; ढलपीत ते शाबूत असतात पण एकमेकांपासून सुटलेले असतात; भुशात ते तुटलेले असतात. त्यामुळे तुकड्यापासून ताकदीची वस्तू होते, ढलपीपासून पत्रा किंवा फलक होतो, आणि भुशाकडून ताकदीची अपेक्षा सोडून निराळ्याच गुणांची कामे घ्यावी लागतात. टाकाऊपासून टिकाऊ करण्याचे पुष्कळसे प्रयत्न फसतात ते हा क्रम लक्षात न घेतल्यामुळे.

लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची घट्ट बांधलेली जुडी आहे, असे मानले तर त्याचे बहुतेक स्वभाव उलगडतात. जुडीच्या लांबीच्या दिशेने ओढले तर ती दाद देत नाही, पण नळ्या एकमेकींपासून विलग करायला पाचरीचा एक ठोका पुरतो. म्हणूनच रवीचा दांडा किंवा कुदळीचा दांडा नेहमी उभ्या तंतूंचा असावा लागतो. रुंद फळीच्या टोकाकडून आडवा कापलेला तुकडा दिसायला कितीही सरळ असला तरी दांड्याच्या कामी आला तर पहिल्याच जोरात कडकन मोडतो. दुसरा स्वभाव आक्रसण्याचा. ओले लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ मुळीच कमी होत नाही, पण रुंदीत होते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. सागवान ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के, तर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे 2.5 टक्के आक्रसते, आणि साग हे या बाबतीत शांत स्वभावाचे लाकूड समजले जाते. घरात ठेवलेली वस्तू इतकी कोरडी कधीच होत नाही, तरी पावसाळ्यात अडकणारे आणि उन्हाळ्यात खडखडणारे दार याच हिशोबातले असते. वेगवेगळ्या झाडांचे, वेगवेगळ्या ओलाव्याचे तुकडे एकमेकांना आडवेतिडवे चिकटवून केलेला सुंदर ट्रे पुढच्या मे महिन्यात मधोमध फाटतो, तेव्हा दोष सरसाचा नसतो. एका तुकड्याला ज्या दिशेने आक्रसायचे आहे त्या दिशेने शेजारच्या तुकड्याने त्याला अडवलेले असते.

तेव्हा उरलेल्या लाकडाच्या कामात वस्तू आधी ठरवून तुकडा शोधणे हा उलटा मार्ग आहे. तुकडा आधी पाहावा, त्याची लांबी, तंतूंची दिशा, गाठ आणि जात पाहावी, आणि मग तो काय होऊ शकतो हे ठरवावे; नाहीतर मोठ्या तुकड्यातून छोटी वस्तू काढताना तिच्याहून मोठा नवा कचरा तयार होतो. गावगाड्यातील सुताराचे काम पुष्कळसे याच रीतीने चाले. बलुतेदारीच्या व्यवस्थेत, जिचे तपशीलवार वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 मधील ‘गावगाडा’ या ग्रंथात आहे, सुतार शेतकऱ्याची औते दुरुस्त करी आणि त्याबद्दल सुगीला धान्याचा वाटा घेई; लाकूड बहुधा शेतकऱ्याच्याच बांधावरच्या बाभळीचे असे. गाडीच्या चाकाचा आरा किंवा नांगराचा भाग काढल्यावर जे उरे त्यातून जुवाच्या शिवळा, खुंट्या, पाचरी, विळ्याखुरप्यांच्या मुठी आणि पोरांच्या विट्या निघत. बाभूळ जड, चिवट आणि घाव सोसणारी असल्यामुळे तिचा वीतभर तुकडाही वाया जाण्यासारखा नसे; पण त्याच तुकड्याचे लाटणे कोणी करीत नसे, कारण लाटण्याला सरळ तंतूंचे, गुळगुळीत होणारे लाकूड लागते आणि बाभळीच्या वेड्यावाकड्या तंतूंवर रंधा अडखळतो.

उरलेल्या लाकडावर हक्क कोणाचा, हा प्रश्नही जुना आहे आणि त्याचा सर्वांत नोंदवलेला वाद इंग्लंडच्या शाही गोद्यांमध्ये झाला. डेप्टफर्ड, वुलिच, चॅथम येथील जहाजबांधणीच्या कामगारांना दिवसअखेर तासणीतून उरलेले लाकूड घरी नेण्याचा रिवाजी हक्क होता आणि वेतन महिनोन्महिने थकत असल्यामुळे हा हक्क त्यांच्या दृष्टीने मिळकतीचाच भाग होता. तीन फुटांहून लांब तुकडा नेऊ नये असा नियम झाला, त्याचा परिणाम अपेक्षेप्रमाणे असा झाला की उत्तम ओक लाकूड कामाच्या वेळात तीन फुटांना किंचित कमी भरेल असे कापले जाऊ लागले, आणि गोदीलगतच्या वस्त्यांतील घरांचे जिने, दारे व फडताळे यांची मापेही तीन फुटांच्या आतबाहेरच घोटाळत राहिली असे नोंदवले गेले आहे. अखेर 1801 मध्ये हा हक्क काढून घेऊन त्याबदली रोख भत्ता देण्यात आला. कोणता तुकडा उरला आणि कोणता उरवला, हे ठरवणे कोणत्याही कारखान्यात सोपे नसते.

आजच्या शहरी घरात मिळणारे तुकडे प्रामुख्याने तीन ठिकाणांहून येतात: फर्निचरचे काम चालू असताना उरलेली टोके, पाडलेल्या वाड्यांतील व चाळींतील जुने लाकूड, आणि मालवाहतुकीच्या पेट्या व पॅलेट, म्हणजे माल रचण्याचे लाकडी मांडे. वाड्यांच्या तुळया, खांब आणि कडीपाटाच्या फळ्या यांचे सागवान कित्येक दशके वाळलेले असल्यामुळे पुन्हा वापरताना ते फारसे वळत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्यात लपलेले खिळे करवतीचे दात घालवतात हा दोष. जुन्या रंगवलेल्या दाराखिडक्यांचा रंग घासून काढताना विशेष जपावे लागते, कारण भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाले आणि त्याआधीच्या रंगाच्या थरात शिसे किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही. परदेशी मालाच्या पेट्यांवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात एचटी अशी रोमन अक्षरे असतील तर ते लाकूड कीड मारण्यासाठी गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमानात निदान 30 मिनिटे तापवलेले असते, आणि एमबी असेल तर त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. पहिल्या प्रकारचे लाकूड घरात आणण्यास हरकत नाही, दुसऱ्या प्रकारचे स्वयंपाकघरापासून आणि मुलांच्या खेळण्यांपासून दूर ठेवलेले बरे. पेटीच्या लाकडाची प्रतिष्ठा कमी समजण्याचेही कारण नाही: डच रचनाकार खेरिट रिटफेल्ट यांनी 1934 मध्ये खोक्यांच्या साध्या फळ्या स्क्रूने जोडून बनवलेली खुर्ची आज कलासंग्रहालयांत ठेवलेली आहे, आणि तिचे सौंदर्य फळीची ठरलेली रुंदी लपवण्यात नसून तिलाच माप मानण्यात आहे.

तुकडे जोडून मोठी फळी कशी होते हे एका भाजी चिरण्याच्या पाटाच्या उदाहरणाने पाहता येईल. दाराच्या चौकटींतून उरलेल्या सागवानी पट्ट्या घ्याव्यात, त्या सर्वांची जाडी रंध्याने सारखी करावी, आणि तंतू सगळ्यांचे एकाच दिशेने जातील अशा शेजारी मांडाव्यात. प्रत्येक पट्टीच्या टोकाशी वार्षिक वलयांच्या कमानी दिसतात. एकीची कमान वर तर शेजारणीची खाली अशी मांडणी केली की वळण्याचा कल एकमेकांना छेद देतो आणि पाट एकूण सपाट राहतो. सागवानात नैसर्गिक तेल असते आणि रंधलेल्या पृष्ठावर ते हळूहळू वर येते, म्हणून चिकटवायच्या कडा त्याच दिवशी ताज्या रंधून घ्याव्या लागतात. नंतर दोन्ही कडांना गोंद लावून, पट्ट्या क्लॅम्पमध्ये आवळून, सांध्यातून गोंदाचे बारीक मणी बाहेर येईपर्यंत दाब द्यावा; मणी आलेच नाहीत तर गोंद कमी पडला आणि गोंद वाहू लागला तर जास्त झाला. एक दिवस हात न लावता ठेवल्यावर असा सांधा लाकडापेक्षाही मजबूत होतो. पाट आपटला तर तो बहुधा सांध्यात न फुटता शेजारच्या लाकडात फुटतो. पाट ओला होणार असल्याने गोंद पाण्यात न सुटणाऱ्या प्रतीचाच घ्यावा.

पूर्वी हे काम सरसाने होत असे. जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला सरस दर वेळी गरम करावा लागे, त्याला वास येई आणि पावसाळ्यात तो सैल पडे. फेविकोल हा पांढरा कृत्रिम गोंद 1959 मध्ये बाजारात आला त्यानंतर सुतारशाळेतील सरसाची चूल हळूहळू विझली. पण कोणताही गोंद एक गोष्ट करू शकत नाही: दोन पट्ट्यांची टोके टोकांना चिकटवणे. टोकाशी नळ्यांची तोंडे उघडी असतात, ती गोंद पिऊन टाकतात आणि सांधा कोरडा राहतो. यावरचा उपाय मोठा चतुर आहे. दोन्ही टोकांना बोटांसारखे निमुळते दाते कापून ते एकमेकांत बसवतात, त्यामुळे आडव्या तोंडांऐवजी लांब उतरत्या कडा एकमेकींना भिडतात आणि टोकाचा सांधा जवळजवळ कडेच्या सांध्यासारखा वागतो. बाजारात ‘फिंगर जॉइंट’ या नावाने मिळणाऱ्या फळ्यांवर दिसणारी नागमोडी रेघ ती हीच. केरळमधील रबराची झाडे चीक देणे कमी झाल्यावर साधारण पंचवीस-तीस वर्षांनी तोडली जातात, त्यांचे लाकूड आखूड तुकड्यांतच हाती लागते, आणि एके काळी बहुतांशी जळणात जाणारे हे लाकूड अशा दात्यांच्या जोरावर फर्निचरमध्ये आले.

ढलपीचे भाग्य याहून उशिरा उजळले, अपवाद जपानचा. हाकोने भागातील हाताजुकू गावी एकोणिसाव्या शतकात इशिकावा निहेई याने रुजवलेली ‘योसेगी’ ही कला रंध्याच्या ढलपीलाच माल मानते. निरनिराळ्या झाडांच्या नैसर्गिक रंगाच्या काड्या चिकटवून नक्षीचा ठोकळा करतात, आणि मग त्या ठोकळ्यावर मोठा रंधा ओढून कागदासारखे पातळ पापुद्रे काढतात; प्रत्येक पापुद्र्यावर तीच नक्षी उमटलेली असते आणि तो पेटीवर चिकटवला जातो. इतरत्र जे झाडून टाकायचे ते येथे विकायचे, आणि ठोकळा संपेपर्यंत विकत राहायचे.

कारखानदारीत ढलपीला किंमत आली ती विसाव्या शतकात. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील लॉरेल येथे विल्यम मेसन यांनी 1924 मध्ये लाकूडगिरण्यांच्या कचऱ्यावर प्रयोग करताना ढलप्या बंद भांड्यात घालून त्यांवर अतिशय दाबाची वाफ सोडली आणि मग तोंड एकदम उघडले. आतल्या वाफेने ढलप्या स्फोटासारख्या फुटून त्यांचे सुटे तंतू झाले. ते तंतू तापलेल्या यंत्रात दाबताना लाकडातील लिग्निन, म्हणजे तंतूंना झाडात मुळातच बांधून ठेवणारे द्रव्य, पुन्हा मऊ होऊन तंतूंना चिकटवते, त्यामुळे बाहेरचा गोंद जवळजवळ लागतच नाही. दाबयंत्रातील वाफेची झडप गळत राहिल्याने जेवणाच्या सुट्टीत माल नको तितका तापला आणि त्यातूनच कठीण फलक निघाला, असे या शोधाबद्दल सांगितले जाते. महाराष्ट्रातील विद्यार्थी परीक्षेला जो तपकिरी, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने जाळीदार लिहिण्याचा पुठ्ठा नेतात, तो या कुळातला हार्डबोर्ड. ढलप्या न फोडता कृत्रिम राळेत घोळवून दाबण्याची पद्धत जर्मनीत माक्स हिमेलहेबर यांच्या प्रयत्नांतून 1930 च्या दशकात आकाराला आली आणि लाकूडटंचाईच्या युद्धकाळात तिचे उत्पादन सुरू झाले. पार्टिकल बोर्ड तो हाच. स्वस्त मॉड्यूलर स्वयंपाकघरातील मोरीखालचे कपाट दोन पावसाळ्यांत फुगते, कारण त्यातील ढलप्या पाणी पिऊन आपापल्या दिशेने फुगतात आणि त्यांना धरून ठेवणारे सलग तंतू तेथे नसतात.

भुशाकडे ताकद नाही, परंतु त्याच्यात हवा आहे. भुशाच्या कणांत आणि कणांमधल्या फटींत अडकलेली हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही, आणि या एका गुणावर एकोणिसाव्या शतकात एक अख्खा व्यापार उभा राहिला. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांनी न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून उष्ण देशांत विकायला आरंभ केला, आणि त्यासाठी लागणारे वेष्टन मेन राज्यातील लाकूडगिरण्यांजवळ फुकटात पडून होते. ‘टस्कनी’ हे जहाज 1833 च्या मे महिन्यात सुमारे 180 टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कलकत्त्याला पोहोचले तेव्हा शंभर टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. लवकरच हा बर्फ मुंबईतही उतरू लागला आणि त्यासाठी तेथे बर्फघर बांधले गेले. पुढे बर्फाचे कारखाने निघाले, जहाजे थांबली, पण लादी भुशात पुरून वर गोणपाट टाकण्याची रीत गल्लीतल्या बर्फवाल्याकडे टिकली.

भुशाची शेगडी हा त्याच भुशाचा दुसरा आणि अधिक घरगुती उपयोग. तेलाच्या किंवा डालड्याच्या रिकाम्या डब्याला तळाशी एका बाजूला भोक पाडतात. त्या भोकातून एक गोल दांडका आडवा आत सारतात आणि दुसरा, बहुधा लाटणे किंवा बाटली, डब्याच्या मधोमध उभा धरतात. मग थोडा थोडा कोरडा भुसा टाकून तो ठोकत ठोकत काठोकाठ भरतात आणि दोन्ही दांडके फिरवत अलगद उपसतात, म्हणजे भुशात काटकोनी बोगदा तयार होतो. खालच्या तोंडाशी कागदाचा बोळा पेटवला की बोगद्यातून हवा ओढली जाते, मधल्या भोकाच्या भिंतीवरचा भुसा पेटतो आणि भोक आतून रुंदावत शेगडी काही तास जळत राहते. खालचे तोंड विटेच्या तुकड्याने झाकले की आच मंदावते. सगळे कसब ठोकण्यात असते: भुसा सैल भरला तर मधली भिंत ढासळते, बोगदा बुजतो आणि घर धुराने भरते. दाबलेल्या भुशाला हवा फक्त पृष्ठभागावर मिळते म्हणून तो सावकाश जळतो. तोच भुसा बारीक धूळ होऊन बंद खोलीत तरंगत असेल तर प्रत्येक कण हवेने वेढलेला असतो आणि एका ठिणगीने सगळी खोली एकदम भडकू शकते.

बागेत भुसा सरळ मातीत मिसळणारे लोक मात्र फसतात. भुशात नत्राच्या शेकडो पट कर्ब असतो, त्यामुळे तो कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. तो आधी शेणाबरोबर कुजवावा, किंवा कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरावा म्हणजे विष्ठेतून त्याला नत्र आपोआप मिळते.

धुळीबद्दल सुतारशाळांत जी बेफिकिरी दिसते ती समर्थनीय नाही. इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचरच्या गावी 1960 च्या दशकात लाकूडकामगारांमध्ये नाकाच्या एका विरळ कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय आढळले, आणि 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला. सागाच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज सुटते ती निराळीच. नाकातोंडावर फडके बांधणे पुरेसे नाही; बारीक धूळ अडवणारा मुखपट्टा लागतो, आणि वाऱ्यावर काम करणे त्याहून बरे.

भुशाच्या शेगडीतील राख पूर्वी घरात भांडी घासायला जात असे, कारण ती निव्वळ झाडाची राख होती. आजच्या सुतारशाळेतील भुसा तसा राहिलेला नाही: एकाच करवतीवर सागवान, प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि सनमायका सगळे कापले जाते आणि सगळ्याचा भुसा एकाच गोणीत भरला जातो. त्यातील राळ जळताना फॉर्मल्डिहाइडसारखे घातक वायू सुटतात, म्हणून असा मिश्र भुसा ना शेगडीत चालतो, ना खुराड्यात, ना खतात; गोणीभर चांगला भुसा ओंजळभर प्लायवूडमुळे वाया जातो. सुतारशाळेने अस्सल लाकडाच्या भुशासाठी एक वेगळी गोणी ठेवावी, आणि प्लायवूड कापण्यापूर्वी करवतीखालची जागा झाडून घ्यावी.